देवराला: गावामुळे कायदा आला, मग आरोपी सुटले कसे?

४ सप्टेंबर १९८७. राजस्थानात सीकर जिल्ह्यातलं देवराला गाव. १८ वर्षांची रूप कंवर, लग्नाला वर्षही झालेलं नाही, नवऱ्याच्या चितेवर जिवंत जळाली. दिवसाढवळ्या, गावासमोर. हे गाव काही जगापासून तुटलेलं नव्हतं बरं का. जयपूरहून गाडीने दोनेक तासांवर आहे, आणि ती स्वतः जयपूरमध्ये वाढलेली, शिकलेली मुलगी होती.

तेराव्या दिवशी, १६ सप्टेंबरला, तिथे चुनरी महोत्सव, म्हणजे सतीच्या जागी ओढणी वाहण्याचा सोहळा झाला. महिला संघटना कोर्टात गेल्या होत्या, राजस्थान हायकोर्टाने मनाई केली होती, तरी लाखोंची गर्दी लोटली.

[पडद्यावर तारखा]

आता या तारखा नीट बघा, कारण बहुतेक जण इथेच गल्लत करतात. राजस्थान सरकारचा सतीविरोधी अध्यादेश आला १ ऑक्टोबर १९८७ ला. केंद्राचा सती प्रतिबंधक कायदा लागू झाला २१ मार्च १९८८ पासून. म्हणजे चिताही आधीची आणि चुनरीही आधीची. फौजदारी कायदा मागच्या तारखेने लावता येत नाही, राज्यघटनेचं कलम २० तसं स्पष्ट सांगतं. त्यामुळे मृत्यूचा खटला साध्या भारतीय दंड संहितेखालीच चालवावा लागला.

आणि तिथे अडचण काय? देह जळालेला, त्यामुळे शवविच्छेदन नाही. मृत्युपूर्व जबाब नाही. तिला गुंगीचं काही दिलं होतं का, ढकललं का, ती उठायला बघत होती का, हे सांगणार कोण? जे तिथे हजर होते तेच. म्हणजे सासरचे, भावकीतले, गावातले. १९९६ मध्ये नीम का थाना इथल्या कोर्टाने ३२ आरोपींना सोडलं.

नवा कायदा या अनुभवावरच बेतलेला आहे. ती ‘स्वखुशीने’ गेली, हा बचाव व्याख्येतच बाद केलाय. कलम ४ म्हणजे चिथावणी किंवा मदत: फाशी किंवा जन्मठेप. यात काय काय मोडतं बघा. पुण्य लागेल असं तिच्या मनात भरवणं. तिचा निश्चय पक्का करत राहणं. तिला प्रेतासोबत स्मशानात नेणाऱ्या मिरवणुकीत चालणं. ती सुटू पाहत असताना अडवणं. आणि कलम १६ नुसार, आपण हा गुन्हा केला नाही हे आरोपीनेच सिद्ध करायचं. शिवाय दोषी ठरलेल्याला मृत स्त्रीच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. मला विचाराल तर हे कलम सर्वांत हुशारीचं आहे.

कलम ३ मात्र खटकतं. सतीचा प्रयत्न करणाऱ्या बाईलाच एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तिची मनःस्थिती आणि परिस्थिती कोर्टाने बघावी अशी सोय आहे, पण जिला आगीतून ओढून काढलं ती आरोपी कशी?

सतीचं उदात्तीकरण करणाऱ्यांसाठी कलम ५ आहे. मिरवणूक, जयजयकार, वर्गणी, ट्रस्ट, मंदिर: एक ते सात वर्षं कैद आणि ५,००० ते ३०,००० रुपये दंड. मंदिर २० वर्षांपेक्षा कमी जुनं असेल तर ते हटवण्याचा आदेश कलेक्टर देऊ शकतो, त्याहून जुनं असेल तर राज्य सरकार.

पण गोम अशी, की कलम १६ चा उलटा भार फक्त कलम ४ ला आहे. कलम ५ मध्ये सगळं सरकारी पक्षानेच सिद्ध करायचं: घोषणा कोणी दिली, गर्दीत नेमका कोण होता. साक्षीदार फिरला की खटला संपला. २००४ मध्ये जयपूरच्या विशेष न्यायालयाने ११ जणांना सोडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी ८ जण सुटले. त्यांचा खटला १९८८ च्या वर्षपूर्तीच्या कार्यक्रमाचा होता. ३६ वर्षांपूर्वीच्या गर्दीतला चेहरा कोण ओळखणार?

[पडद्यावर थेऊर]

‘हे राजस्थानचं’ म्हणून आपण सुटत नाही हं. माधवराव पेशव्यांमागे रमाबाई १७७२ मध्ये थेऊरला सती गेल्या, आणि ते आपल्याकडे आजही कौतुकाने सांगितलं जातं. इतिहास सांगणं हा गुन्हा नाही. पण उद्या कुठल्या गावात असं काही घडतंय अशी कुणकुण लागली, तर कलम १७ प्रमाणे तिथल्या रहिवाशांनी आणि गावच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं. नाही कळवलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.