बल्बाआधी खडू

(नौपाडा, ठाणे येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय, ‘मोटरसायकलचा हेडलाइट घरच्या घरी: सेट करणे आणि बदलणे’. आठ वाजता हा हॉल भजनी मंडळाला द्यायचाय, टाळ आत्तापासूनच जिन्यात वाजतायत. तेव्हा मुद्दा आधीच सांगून मोकळा होतो. रात्री नीट दिसत नाही म्हणून जो कुणी बल्ब आणायला निघाला असेल, त्याने वाटेत स्टेशनरीच्या दुकानात थांबून खडू घ्यावा, भिंतीवर रेघा मारून दिवा तपासायला. बल्ब बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. एकतर दिवा भलतीकडे बघत असतो, नाहीतर बल्बापर्यंत पुरेशी वीजच पोचत नसते.

आता जुनं दुखणं. सर्व्हिसिंगला गाडी टाकताना माणूस जाता जाता एक वाक्य सोडतो, ‘दादा, फोकस जरा वर घे.’ पोराच्या हातात पान्हा असतोच. तो डूमच्या, म्हणजे हेडलाइटच्या डब्याच्या, दोन बाजूंचे बोल्ट सैल करतो, तळव्याने डूम खालून ढकलतो, बोल्ट आवळतो आणि म्हणतो, झालं. मोजलं कुणी? दुपारचे बारा वाजलेत, ऊन रणरणतंय, आणि भर उन्हात हेडलाइटचा फोकस वर घेतला जातोय! चष्म्याचा नंबर कुणी अंधारात डोळे मिटून काढेल का?

या ‘जरा’चा हिशेब करू. कंपासपेटीतला कोनमापक आठवा, त्यावरची सगळ्यात बारीक फट म्हणजे एक अंश. दिवा एक अंश वर गेला की पाच मीटरवरच्या भिंतीवर उजेड जवळजवळ नऊ सेंटिमीटर चढतो. आणि डिपरची, म्हणजे जवळचा रस्ता दाखवणाऱ्या खालच्या उजेडाची, वरची कड त्या भिंतीवर हेडलाइटच्या मध्यापेक्षा पाच ते सात सेंटिमीटर खाली असायला हवी. म्हणजे एका अंशात तुमचा डिपर आडव्या रेषेच्या वर गेला. नाव डिपर, काम अप्परचं, म्हणजे लांबच्या उजेडाचं.

हेडलाइट जमिनीपासून 90 सेंटिमीटरवर आहे असं धरा. पाच मीटरला पाच सेंटिमीटर उतार दिला तर उजेडाची कड 90 मीटरवर रस्त्याला टेकते. उतार जास्त दिला, साडेसात केला, तर 60 मीटरवर. आणि कड आडवी किंवा तिच्या वर असेल तर? ती रस्त्याला टेकतच नाही. घोडबंदर रोडने माजिवड्याहून गायमुखाकडे जाताना तो उजेड मेट्रोच्या खांबांवर पडतो, दिशादर्शक हिरव्या पाट्यांवर पडतो. पाट्या लखलखतात आणि चालवणाऱ्याला वाटतं, वा, लाइट वाढला की! पुढच्या चाकासमोरचा खड्डा मात्र जिथल्या तिथे, अंधारात. सर्व्हिस रोडला उलट्या दिशेने येणारा महाभाग समोर आला, आणि त्यानेही कुणाला तरी ‘जरा वर घे’ सांगितलेलं असलं, की दोघंही आंधळे. (हशा) हसताय, पण तुमच्यातल्या निम्म्यांनी हे वाक्य गॅरेजमध्ये उच्चारलेलं असणार.

बरं, पान्हाही न लावता दिवा वर जातो, तेही ऐका. मागे माणूस बसला की मागचे शॉकअप दबतात. समजा तीन सेंटिमीटर दबले. दोन चाकांमधलं अंतर साधारण 130 सेंटिमीटर. तीन भागिले एकशे तीस, म्हणजे मीटरला 2.3 सेंटिमीटर. पाच मीटरवर साडेअकरा सेंटिमीटर! एकट्यासाठी अगदी मापात लावलेला फोकस मागे बायको किंवा मुलगा बसताच आभाळाकडे बघायला लागतो. म्हणून ज्याच्या मागे रोज कुणी बसतं, त्याने मागे बसवूनच फोकस लावावा. नाहीतर मागच्या शॉकअपच्या तळाशी खाचांची रिंग असते, तिचा पान्हा टूलकिटमध्ये बऱ्याचदा असतो. एक-दोन खाचा कडक करा. दोन्ही बाजूंना सारख्या.

कायदा काय म्हणतो असं कुणीतरी विचारणार. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989, नियम 106. दिव्यापासून आठ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या बाजूला अर्धा मीटर, जमिनीपासून दीड मीटर उंच, अशा जागी ज्याचा डोळा असेल त्याला दिपवता कामा नये. ऐकायला कडक वाटतं, पण गणित केलंत तर नियम फार दयाळू आहे. 90 सेंटिमीटरवरचा दिवा आठ मीटरवर दीड मीटर उंची गाठायला मीटरला साडेसात सेंटिमीटर वर झुकलेला लागतो. मोटारीत बसलेल्याचा डोळा तर साधारण 1.2 मीटरवरच असतो. तेव्हा या चाचणीत पास झालात म्हणून पेढे वाटू नका. नापास झालात तर मात्र गाडी हलवूच नका.

कायद्यावरून आठवलं, 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींना दिवसाही दिवा चालूच राहतो, बंद करायचं बटणच गेलं. तेव्हापासून आपल्या गावात एक नवी मुद्रा जन्माला आली. ही अशी, बोटांची चोच उघडायची-मिटायची. ‘अहो, लाइट चालू आहे!’ राम मारुती रोडवर एका फेरीत चार जण करतात. इतक्या वर्षांनंतरही! हीच माणसं रात्री डोळ्यांत अप्पर मारणाऱ्याला मात्र एक अक्षर बोलत नाहीत. असो.

हा बल्ब बघा. मागच्या रांगेपर्यंत फिरवा, पण धातूला धरून. काचेला बोट लावायचं नाही, कारण नंतर सांगतो. हा एच4, 12 व्होल्ट, 60/55 वॅट. आत दोन तारा आहेत. पुढच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी पळी दिसेल, पूजेतली असते तशी. सगळी जादू त्या पळीत आहे. ती डिपरच्या तारेचा खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा, म्हणजे बल्बाभोवतीच्या चकचकीत वाटीचा, फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि तिथून उजेड खाली फेकला जातो. मागची तार अप्परची, तिला पळी नाही, पूर्ण रिफ्लेक्टर तिचा. म्हणून भिंतीवर डिपरची वरची कड कापल्यासारखी दिसते. तार एक मिलिमीटर सरकली तरी ही कड विस्कटते.

यावरून दोन पापं ओळखा. पहिलं पाप कानशीचं. आपल्या बऱ्याच गाड्यांना एचएस1 बल्ब असतो, 35/35 वॅटचा. दिसतो एच4 सारखाच, पण बुडाचे तीन कान वेगळे. लोक एच4 चे कान कानशीने घासून तिथे कोंबतात. बल्ब बसतो, पण तार जागेवर राहत नाही. शिवाय 35 वॅटला तीन अँपिअर लागतात, 60 ला पाच. 100/90 वाला बल्ब तर आठ अँपिअरच्या वर ओढतो. वायरिंग, हँडलवरचं स्विच आणि कपलर, म्हणजे बल्बामागचा वायरींचा प्लग, त्या हिशेबाने केलेले नसतात. कपलर आधी तपकिरी होतो, मग मऊ होतो. प्लास्टिकचा रिफ्लेक्टर असेल तर त्याची चांदी करपते. दुसरं पाप हॅलोजनच्या डूममध्ये बसवलेल्या स्वस्त एलईडीचं. तारेच्या जागी दोन बाजूंना दोन सपाट पट्ट्या, पळी नावापुरती, मागचा पंखा बल्बामागच्या रबरी टोपीत मावत नाही म्हणून टोपी फेकून दिलेली. पहिल्याच पावसात डूममध्ये मत्स्यालय. आणि तो निळसर पांढरा उजेड मुसळधार पावसात थेंबांवरून परत आपल्याच डोळ्यांवर येतो.

(संयोजकांकडून चिठ्ठी येते.) वीस मिनिटं? पंधरा. बरं, पळतो.

वीज. मल्टिमीटर घ्या, इंजिन चालू, दिवा चालू. आधी बॅटरीवर मोजा, मग बल्बाच्या कपलरमागे सुई घालून मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर चोरी वाटेत होतेय: गंजलेला कपलर, स्विचचे काळे पडलेले पॉइंट किंवा सैल अर्थ. बॅटरीवर 13.5 आणि बल्बावर 12.1 असेल तर व्होल्ट दहा टक्क्यांनी कमी, पण उजेड तीस टक्क्यांनी कमी. ही चोरी पकडली तर नव्या बल्बाची गरजच उरत नाही. उलट, रेस केल्यावर बॅटरीवर 15 च्या वर काटा जात असेल तर व्होल्ट आवरणारं आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) गेलंय. कितीही बल्ब लावा, उडतच राहणार. जुन्या गाड्यांत दिवा बॅटरीवर नाही, थेट इंजिनावरच्या वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोवर चालतो, रेसबरोबर कमी-जास्त होतो. तिथे हे माप डीसीवर घेऊ नका, मीटर एसीवर ठेवा आणि दोन टोकं होल्डरवरच लावा. आणखी एक खूण: डिपरवर हेडलाइट लागत नाही, पण स्पीडोमीटरमधला निळा अप्परचा दिवा मंद पेटतो, तर बल्ब काढू नका, अर्थची वायर तुटलीय.

आता भिंत. सोसायटीचं पार्किंग चालेल, पण फरशीवर तांब्याभर पाणी ओता. ते वाहत गेलं तर जागा बदला. दोन्ही टायरची हवा मापात करून घ्या. गाडी भिंतीला जवळजवळ टेकवा, हेडलाइटचा मध्य भिंतीवर फुलीने उतरवा, आणि सरळ मागे घेत काचेपासून भिंत पाच मीटर होईल इतकं जा. टेप लावा, पावलं मोजू नका. स्टँडवर नाही, दोन चाकांवर, हँडल सरळ, वर रोजचा चालवणारा बसलेला. फुलीच्या उंचीवर एक आडवी रेघ, तिच्याखाली पाच ते सात सेंटिमीटरवर दुसरी. डिपर लावा. उजेडाची वरची कड दुसऱ्या रेघेवर आली पाहिजे. गोल डूमला बाजूचे बोल्ट किंवा रिंगखालचा स्क्रू, व्हायजरवाल्या, म्हणजे हेडलाइटभोवती प्लास्टिकचं कव्हर असलेल्या, गाड्यांना डूमच्या खाली मागून स्क्रू. अर्धा फेरा फिरवा, थांबा, बघा. अप्पर वेगळा लावायचा नाही, एकच रिफ्लेक्टर आहे, तो आपोआप फुलीच्या आसपास येतो. बोल्ट आवळताना डूम सरकतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा बघा.

बल्ब बदलायचाच असेल तर, इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. डूम सुटला की तो वायरीवर लोंबकळू देऊ नका. कपलर कपलरला धरून हलवत काढा, वायरी ओढून नाही. रबरी टोपी सोलून काढा, तारेची क्लिप दाबून बाजूला करा. जुना बल्ब बघा: काच काळवंडलेली असेल तर तो म्हातारा झालाय किंवा व्होल्ट जास्त मिळालेत, आत पांढरी भुकटी असेल तर काचेला चीर गेलीय. नवा तेवढ्याच वॅटचा. तीन कानांपैकी रुंद कान वर. काचेला बोट लागलं तर तिथलं तेल तापून काच तेवढ्याच ठिकाणी कमजोर होते, बल्ब लवकर जातो. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रिफ्लेक्टरला मात्र फडका लावायचा नाही, ती चांदी पुसली जाते, धूळ नुसती फुंकून काढा. टोपीवर वरची बाजू लिहिलेली असते, तीच वर ठेवा, नाहीतर पाणी शिरतं. व्हायजर लावायच्या आधी डिपर, अप्पर दोन्ही लावून बघा. आणि पुन्हा भिंत, कारण डूम हलवलाय.

भजनवाले दारात आलेत. खडूची पेटी टेबलावर आहे, एकेक घेऊन जा. तो एच4 कुणाकडे राहिलाय? धातूला धरून पुढे द्या.