समितीची नोटीस हातात पडल्यावर

(यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा येथे कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

ऑफिसातल्या बाईनं आपल्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार दिली असं कळलं, की आपल्याकडचा माणूस पहिल्यांदा काय करतो? तिच्या घरी माणसं पाठवतो. सरपंच, पोलीस पाटील, सासऱ्याच्या ओळखीचं कोणी. ‘बाई, लेकराबाळांचा माणूस आहे, मिटवून टाका ना.’ पाठवणाऱ्याला वाटतं, आपण समजूतदारपणा केला.

अशा तक्रारींची चौकशी करायला कार्यालयात अंतर्गत समिती असते. मी काही कार्यालयांच्या अशा समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. तुम्हाला कळकळीनं सांगते, या एका फेरीनं तुमची बाजू जितकी बिघडते तितकी दुसऱ्या कशानंच बिघडत नाही. त्या घरात तिचं जगणं अवघड होतं. तिनं ते समितीला सांगितलं, की मूळ आरोप खरा असो-नसो, तक्रारदाराला गाठायला निघालेला माणूस म्हणून तुमची नोंद होते. शिवाय कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यातल्या कलम 16 प्रमाणे जी गोष्ट गोपनीय ठेवायची, ती दुपारपर्यंत पानठेल्यावर पोचलेली असते. समेटाची सोय कायद्यात आहे. पण ती तिनं मागायची, चौकशी सुरू होण्याआधी, समितीमार्फत. आणि त्यात पैशाची तडजोड चालत नाही.

हा कायदा शहरातल्या मोठ्या कंपन्यांचा आहे असं समजू नका. त्याची मुळं राजस्थानातल्या खेड्यात आहेत. गावात सरकारी कार्यक्रमाचं काम करताना बालविवाह रोखायला गेलेल्या भंवरीदेवींवर 1992 साली अत्याचार झाला. त्यातून लढलेल्या खटल्यात 1997 मध्ये कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखायला नियम घालून देणारा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला आणि 2013 मध्ये हा कायदा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती लागते. तीन-चार माणसांची पतसंस्था असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. ‘आमच्याकडे समितीच नाही’ म्हणून कोणी सुटत नाही.

आता तुमच्या हातातल्या कागदाकडे येऊ. समिती तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत तुम्हाला पाठवते. ती मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत तुमचं लेखी उत्तर द्यायचं, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोडून. बहुतेक जण काय लिहितात? ‘सर्व आरोप खोटे, निराधार व राजकीय हेतूने प्रेरित आहेत.’ खाली सही. अहो, या ओळीतून समितीला काय कळणार? तक्रारीत लिहिलं असेल, ‘अमुक तारखेला पाच वाजता रेकॉर्ड रूममध्ये हात धरला’, तर त्याच वाक्याला उत्तर द्या. त्या दिवशी तुम्ही फिरतीवर होतात का? मग फिरतीची दैनंदिनी, हजेरीपट, ज्या गावी गेलात तिथल्या ग्रामपंचायतीतली नोंद. ऑफिसातच होतात? मग तसं लिहा, आणि तिथे आणखी कोण होतं तेही. जिथे कॅमेरा आहे तिथलं जुनं चित्रीकरण काही दिवसांनी पुसलं जातं. ते जपून ठेवा, असा अर्ज त्याच दिवशी समितीकडे द्या आणि पोच घ्या.

मोबाईलला हात लावू नका, म्हणजे काही पुसू नका. रात्री साडेदहाला ‘जेवली का?’ असा मेसेज गेला असेल आणि तिनं उत्तर दिलं नसेल, तर तो तिच्या फोनमध्ये आहेच. तुमच्या फोनमधून तो गायब दिसला, तर उरलेल्या शंभर साध्या मेसेजांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

आणि जे खरंच घडलं असेल, ते घडलं असं कबूल करा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ‘मॅडम, आम्ही तर वहिनी म्हणतो, वहिनीची थट्टा चालतेच आपल्याकडे.’ घरी चालत असेल. टेबलावर ती वहिनी नाही, लिपिक आहे. कायदा तुमच्या मनात काय होतं यावर थांबत नाही, तिला ते नको होतं का, हे पाहतो. बोललो, पण तिला त्रास होतोय हे लक्षात आलं नाही, असं ज्यानं सरळ लिहिलं, त्याच्या इतर नकारांनाही वजन येतं.

चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी. मधल्या काळात तिची किंवा तुमची बदली होऊ शकते, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, तिच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहिण्याचं काम तुमच्याकडून काढलं जाऊ शकतं. ही शिक्षा नव्हे, चिडू नका. समितीसमोर वकील उभा करता येत नाही. उत्तर लिहिण्याआधी वकिलाचा सल्ला मात्र जरूर घ्या. सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन सुनावण्या चुकवल्या, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन समिती तुमच्याविना निर्णय करू शकते. दोघेही कर्मचारी असतील तर निष्कर्षाची प्रत दोघांनाही मिळते आणि त्यावर म्हणणं मांडता येतं. शिफारशी मान्य नसतील तर नव्वद दिवसांत अपील आहे.

आरोप सिद्ध झाला नाही तर? पेढे वाटू नका. पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही, कलम 14 मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. खोटेपणा आणि दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. सोमवारी ती त्याच कार्यालयात येणार आहे. तिला फाईल द्यायची वेळ आली तर फाईल द्या, कामापुरतं बोला, आणि तुमच्या मित्रांनी टोमणा मारला तर त्यांना तिथेच गप्प करा.