लांडगा सांगाड्यावर का धावत नाही

(दृश्य: टेबलावर पसरलेला नकाशा, वीस बाजूंचा फासा, लांडग्याची बोटभर उंचीची मूर्ती)

तळघराचं दार उघडलंय. समोर गंजकी तलवार घेऊन एक सांगाडा उभा आहे. निसर्गाचे मंत्र जाणणारा ड्रूइड ओरडतो, "धर त्याला!" लांडगा गुरगुरतो, दात विचकतो, पण जागचा हलत नाही.

लांडगा भित्रा नाही. त्याला हे शिकवलेलंच नाही. टेबलाभोवती बसून, एकेक पात्र निभावत खेळायच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची 3.5 आवृत्ती 2003 साली आली, तिच्यात हा नियम चक्क छापलेला आहे. हल्ला करायला शिकलेला प्राणी माणसांवर, माणसासारख्या जीवांवर, महाकायांवर आणि इतर प्राण्यांवर धावून जातो. मेल्यानंतर उठलेल्यांवर नाही. त्यांच्यावर सोडायचा असेल तर त्या एका शिकवणीला दोन जागा मोजाव्या लागतात. आणि जागा असतात मोजक्याच. लांडग्याची बुद्धी 2, त्याला सहा गोष्टी शिकवता येतात. सापाची 1, त्याला तीनच. 'ये', 'थांब', 'आणून दे' यांसाठी फाशावर कौशल्य धरून 15 लागतात, तर 'हल्ला', 'राखण', 'माग काढ' यांसाठी 20. शिवाय प्रत्येक शिकवणीमागे आठवडाभराची मेहनत.

आता सहापैकी दोन जागा सांगाड्यांसाठी खर्च करायच्या, की लांडग्याला माग काढायला आणि राखण करायला शिकवायचं? इथे ड्रूइड खेळणारा त्या जनावराचा खरा विचार करायला लागतो. म्हणूनच हा नियम मला अतिशय आवडतो.

(दृश्य: जुन्या नियमपुस्तकांची मुखपृष्ठं)

हा खेळ 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. ड्रूइड हे पात्र खेळाडूंच्या हाती आलं 1976 मध्ये. पुढची बरीच वर्षं प्राण्याशी मैत्री व्हायची ती मंत्राने. 3.5 मध्ये मात्र पहिल्याच लेव्हलला सोबती हा ड्रूइडचा हक्क झाला: कुत्रा, घुबड, ससाणा, उंट, लांडगा, ज्याला जो हवा तो. ड्रूइडने स्वतःवर टाकलेला मंत्र शेजारी उभ्या असलेल्या सोबत्यालाही लागू करता यायचा. लेव्हल वाढली की यादीही वाढायची, आणि सोळाव्या लेव्हलला थेट टायरॅनोसॉरस!

अडचण झाली ती टेबलावर. सोबत्याची चाल वेगळी, ड्रूइडची वेगळी, त्यात ड्रूइड स्वतःही अस्वल होऊ शकतो. एकाच खेळाडूच्या हातात दोन अस्वलं, आणि तलवारबाज खेळणारा मित्र आपली पाळी कधी येते म्हणून ताटकळत बसलेला. ही तक्रार रास्त होती.

त्यावरचा उपाय मात्र टोकाचा निघाला. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत ड्रूइडचा कायमचा सोबती राहिलाच नाही. प्राणी मिळाला रेंजरला, म्हणजे रानावनात वावरणाऱ्या लढवय्या पात्राला, तोही लहानखुरा. त्याने चावा घ्यावा म्हणून रेंजरने स्वतःची चाल सोडायची. रेंजर खेळणारे कमालीचे नाराज झाले. 2020 मध्ये नवा पर्याय आला: जमिनीवरचा, पाण्यातला आणि आकाशातला असे तीन साचे. रेंजरने छोटी जोडचाल खर्च करून हुकूम द्यायचा. खेळ सुटसुटीत झाला, पण लांडगा आणि वाघ एकाच साच्यात बसले.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीने काढलेली वाट मला जास्त पटते. तिथे प्रत्येकाला पाळीत तीन कृती मिळतात. त्यातली एक हुकमासाठी द्या, प्राणी दोन करील. म्हणजे मालकाला थोडी झळ बसते, पण त्याचे हात बांधले जात नाहीत. ड्रूइडलाही प्राणी सोबतीला घेण्याची वाट निवडता येते.

(दृश्य: पात्राचा कागद, सोबत्याच्या चौकटीत पेन्सिलने लिहिलेलं नाव)

एक गोष्ट मात्र चालींच्या हिशेबापेक्षा मोठी आहे. सोबती मेला तर? 3.5 मध्ये नवा सोबती हवा असेल तर ड्रूइडने सलग 24 तास प्रार्थना करायची. 2014 मध्ये रेंजरने नव्या प्राण्याशी आठ तास बंध जुळवायचा. 2020 च्या नियमात तासाभराच्या आत प्राण्याला स्पर्श करून एक मंत्रशक्ती खर्चायची, की तोच प्राणी मिनिटभरात ठणठणीत उभा!

जीव परत यावा असं कुणाला वाटत नाही? पण ज्या लांडग्याला सहा महिने खेळवलं, त्याच्यासाठी मिनिटभर म्हणजे काहीच नाही. मरणच राहिलं नाही तर त्याला जपायचं तरी कशाला? हे टेबलावर बदलता येतं. खेळ चालवणाऱ्याने, म्हणजे डंजन मास्टरने, खेळ सुरू होण्याआधीच सोबती घेणाऱ्याशी बोलून घ्यावं: तो मेला तर परत येणार का, किती दिवसांनी, आणि तोवर बाकीचे त्याच्यासाठी थांबणार का.