आधी खर्च, मग अनुदान

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूलनिवासी वस्त्यांत झाडं लावणाऱ्या, ओढे राखणाऱ्या संस्थांचं रडगाणं एकच असतं असं आपण समजतो: पैसा मंजूर होत नाही. पण 2022च्या इन्फ्लेशन रिडक्शन कायद्यात शहरी वनीकरणासाठी तब्बल दीड अब्ज डॉलर होते, आणि वंचित वस्त्यांना स्वहिश्शाची, म्हणजे अनुदानासोबत आपलेही पैसे घालण्याची, अट माफ करण्याची सोयही होती. मंजुरीपत्र हातात पडल्यावरही कामं अडतात, कारण संघीय अनुदान बऱ्याचदा प्रतिपूर्तीवर चालतं. आपल्या ठेकेदाराला हे वेगळं समजवावं लागणार नाही: काम करा, बिल लावा, वाट बघा.

समजा वर्षाला 1,00,000 डॉलर मंजूर आहेत आणि बिल तिमाही आहे. तीन महिने खर्च, एक महिना अहवालाला, एक महिना पैसे यायला. पहिला धनादेश येईपर्यंत खिशातून 41,000हून जास्त गेलेले असतात. मोठ्या संस्थेकडे एवढी शिल्लक असते. गल्लीतल्या मंडळाकडे कुठून असणार? म्हणून करार करतानाच दोन गोष्टी मागाव्यात: मासिक बिल, आणि जमल्यास आगाऊ रक्कम. मासिक बिल दहा दिवसांत लावलं आणि तीस दिवसांत चुकतं झालं, तर हाच आकडा 20,000च्या आत येतो. आगाऊ रक्कम नियमात बसते, मात्र त्या अनुदानाचा जमाखर्च वेगळा काढून दाखवता आला पाहिजे. सगळी बिलं एकाच खात्यावर टाकण्याची सवय इथे नडते.

कार्यालयाचं भाडं, हिशेबनीस, वीज अशा वरखर्चासाठी ज्यांचा सरकारशी ठरलेला दर नाही त्यांना ऑक्टोबर 2024पासून 15 टक्क्यांपर्यंत घेता येतात. आधी 10 होते. पण हे टक्के सगळ्या रकमेवर नाहीत, महागडी उपकरणं त्यातून वगळतात. प्रत्यक्ष खर्च 80,000 आणि त्यात पाण्याचा ट्रेलर 15,000चा असेल, तर ट्रेलर वगळून 65,000वर 9,750 मिळतात. अर्जात 12,000 लिहिलेले असले की तो खड्डा शेवटी पगारातून भरला जातो.

आणि पाणी! रोपांचे पैसे सगळे मागतात, पाण्याचे विसरतात. रोपाभोवती बांधायच्या पाण्याच्या पिशवीत 20 गॅलन, म्हणजे 75 लिटर मावतं. कोरड्या दिवसांत आठवड्याला एक पिशवी धरली, तर 200 झाडांना 15,000 लिटर लागतात. ट्रेलर, चालक, डिझेल, दोन उन्हाळे: हे अंदाजपत्रकात नसेल तर लावलेलं झाड फोटोपुरतंच जगतं.

नोंदणी मात्र आधी उरकावी. सॅम डॉट गव्ह या संघीय सरकारच्या नोंदणी संकेतस्थळावर अक्षरं-आकडे मिळून बारा चिन्हांचा ओळख क्रमांक मिळतो, पण कायदेशीर नाव वा पत्ता कागदपत्रांशी तंतोतंत जुळला नाही तर आठवडे जातात. नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते.

2025च्या सुरुवातीला सामाजिक-पर्यावरणीय न्यायाशी जोडलेली अनेक अनुदानं मधेच थांबवली गेली. आर्बर डे फाउंडेशन या वृक्षलागवडीच्या मोठ्या संस्थेकडचं 75 दशलक्ष डॉलरचं अनुदान रद्द झालं, त्यावर अवलंबून असलेल्या छोट्या संस्थाही लटकल्या. करार रद्द झाल्यानंतरचा नवा खर्च सहसा मिळत नाही. त्याआधी रीतसर दिलेली, मागे न घेता येणारी ऑर्डर मात्र मान्य होऊ शकते. तेव्हा रोपवाटिकेला फोनवर ऑर्डर देऊ नका. तारीख आणि सही असलेला कागद घ्या, आणि महिन्याचं बिल त्याच महिन्यात लावा.