डांगेंची पत्रं आणि गिरणगावाची मतं

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च १९६४. मुंबईच्या 'करंट' साप्ताहिकात चाळीस वर्षांपूर्वीच्या काही पत्रांचा मजकूर प्रसिद्ध झाला आणि कम्युनिस्ट चळवळीत खळबळ उडाली. पत्रं १९२४ सालची होती आणि ती ब्रिटिश सरकारला उद्देशून लिहिलेली होती. ब्रिटिश सत्तेविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून कम्युनिस्टांवर चाललेल्या कानपूर बोल्शेविक कट खटल्यात शिक्षा झालेल्या एका तरुण कैद्याचं नाव त्यांच्याखाली होतं. मला सोडलंत तर मी सरकारच्या उपयोगी पडेन, असा त्यांचा आशय होता. हा कैदी म्हणजे श्रीपाद अमृत डांगे, १९६४ साली भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष असलेले कॉम्रेड डांगे.

पत्रं बनावट आहेत, असं डांगेंनी सांगितलं. पक्षातल्या काही जणांनी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले कागद पाहिले आणि ते अस्सल असल्याचं ठरवलं. ११ एप्रिलला राष्ट्रीय परिषदेच्या बैठकीतून ३२ सभासद उठून गेले. त्याच वर्षी त्यांनी कलकत्त्याला वेगळं अधिवेशन भरवलं आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उभा राहिला. कानपूरच्या खटल्यात डांगेंच्या बरोबरीने चार वर्षांची शिक्षा झालेले मुझफ्फर अहमदही त्या बाजूला गेले. एकाच खटल्यातला सोबती पत्रं खरी मानतो, याचं दुःख दोन्ही बाजूंना किती झालं असेल, हे समजायला कम्युनिस्ट असावं लागत नाही.

फूट काही केवळ पत्रांमुळे पडली नाही. चीनशी लढाई झाली तेव्हा डांगे उघडपणे नेहरू सरकारच्या बाजूने उभे राहिले होते आणि पक्षातले त्यांचे अनेक विरोधक तुरुंगात गेले होते. मॉस्को की पेकिंग, काँग्रेसशी हातमिळवणी की झुंज, ही भांडणं आधीपासून धुमसत होती. पत्रांनी त्या भांडणाला माणसाचं नाव दिलं. हा मार्ग चुकीचा आहे, असं पटवून देण्यापेक्षा हा माणूसच मुळात विकला गेलेला आहे, असं म्हणणं नेहमीच सोपं असतं.

मला आज ज्या गोष्टीकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे, ती मात्र निवडणुकांची आहे. डांगेंवर हा डाग लागला, आता त्यांना मतं कोण देणार, असं तेव्हा बोललं गेलं. आजही कुठल्या नेत्याचं जुनं प्रकरण बाहेर आलं की हेच वाक्य ऐकू येतं. डांगेंच्या निवडणुकांच्या तारखा समोर ठेवल्या, की वेगळंच काही दिसतं.

१९५७ साली डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर प्रचंड मतांनी निवडून आले. तेव्हा त्यांच्या पक्षाचा भूतकाळ काही कोरा नव्हता. बेचाळीसच्या आंदोलनात कम्युनिस्ट पक्ष विरोधात राहिला, हा आरोप ताजा होता आणि तो खराही होता. त्याच बेचाळीसमध्ये भूमिगत राहिलेले एस. एम. जोशी, शिवाय आचार्य अत्रे, असे सगळे संयुक्त महाराष्ट्र समितीच्या एका व्यासपीठावर डांगेंच्या शेजारी बसले. मुंबईत आंदोलकांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही हा प्रश्न घराघरात होता. दोन जागांच्या त्या मतदारसंघात डांगेंबरोबर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन या आंबेडकरांच्या पक्षाचे माने निवडून आले. गिरण्यांतला कामगार आणि आंबेडकरी मतदार एकत्र आला, की काय होतं, ते त्या निकालात दिसलं.

१९६२ च्या फेब्रुवारीत हेच डांगे काँग्रेसच्या उमेदवाराकडून हरले. पत्रं तेव्हा प्रसिद्धही झाली नव्हती, चीनची लढाईसुद्धा ऑक्टोबरात व्हायची होती. महाराष्ट्र राज्य मात्र झालेलं होतं, यशवंतराव चव्हाणांच्या हातात ते होतं, आणि प्रजासमाजवादी पक्ष समितीतून बाहेर पडला होता. जिने मुंबई जिंकली, ती एकजूटच उरली नव्हती.

मग १९६७. पत्रांवरून रान उठून तीन वर्षं झालेली, पक्षाचे दोन तुकडे झालेले, मुंबईत शिवसेना आलेली आणि कम्युनिस्टांना शत्रू मानणारी. अशा वेळी संपूर्ण महाराष्ट्र समिती या विरोधी पक्षांच्या नव्या आघाडीच्या जोरावर डांगे मध्य-दक्षिण मुंबईतून पुन्हा लोकसभेत गेले. म्हणजे पत्रं बाहेर यायच्या आधी पराभव आणि बाहेर आल्यावर विजय. ज्या डागामुळे ते पडणार होते, त्याचा हिशेब मतपेटीत सापडतच नाही.

याचा अर्थ गिरणगावाला सत्याची फिकीर नव्हती, असं मी म्हणणार नाही. १९२८ चा सहा महिन्यांचा संप लोकांनी पाहिला होता, दीड लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि त्यातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. १९२९ च्या मार्चमध्ये कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरच्या मीरत कट खटल्यासाठी डांगेंना पुन्हा पकडून नेलं, तेही पाहिलं होतं. ज्याच्याकडून सरकारला उपयोग होणार होता, तो माणूस सुटून आल्यावर वर्षभरात मुंबईच्या गिरण्या बंद पाडतो, हा पुरावा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. माझ्या मते तो बराच वजनदार पुरावा आहे. त्याने पत्रं खोटी ठरत नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. तुरुंगातला पंचविशीच्या आतला मुलगा काय लिहून गेला, आणि नंतरची चार दशकं तो काय करत राहिला, हे दोन वेगळे शोध आहेत. पहिला अभिलेखागारात, कागद, शाई, अक्षर तपासून करायचा. दुसरा कामगारांच्या आयुष्यात.

इथे एक गोष्ट मन घट्ट करून बोलतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी काहींना ती रुचणार नाही. सावरकरांच्या अंदमानातल्या अर्जांवरून महाराष्ट्रात वर्षानुवर्षं भांडण चाललं आहे. डावे त्या अर्जांना माफीपत्रं म्हणतात, सावरकरप्रेमी त्यांना सुटकेची युक्ती म्हणतात. डांगेंच्या पत्रांचा विषय निघाला, की दोन्ही बाजू झटकन जागा बदलतात. कैद्याने काय मागितलं, कुठल्या हालात मागितलं, सुटल्यावर काय केलं, हे प्रश्न दोघांनाही विचारायला हवेत. उत्तरं सारखी येतील असं नाही. ती तशी येऊही नयेत, कारण दोघांची पुढची आयुष्यं वेगळी आहेत. पण प्रश्न विचारताना आपला आणि परका पाहणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

डांगेंच्या बाबतीत शेवटी त्यांच्याच पक्षाने निकाल दिला, तो या पत्रांवर नाही. १९६४ मध्ये जो पक्ष त्यांच्या पाठीशी राहिला, त्यानेच १९८१ मध्ये त्यांना काढून टाकलं. कारण होतं इंदिरा गांधींना त्यांनी दिलेला पाठिंबा. पक्षाने आणीबाणीतली आपली भूमिका चुकली असं मान्य केलं, डांगे मात्र आपल्या जागेवरून हलले नाहीत. पुढच्याच वर्षी, १९८२ च्या जानेवारीत, गिरणगावात मोठा संप सुरू झाला, आणि त्याचं नेतृत्व दत्ता सामंतांकडे होतं.