पाठीवर बर्फ घेऊन जन्मलेल्या गाई

(दृश्य: बर्फानं झाकलेलं शेत, मागे बर्च झाडांची पांढरी खोडं. वाऱ्याचा आवाज. मग हळूच गाईच्या गळ्यातली घंटा.)

ही गाय नीट बघा. दोन्ही कुशी तांबूस, विटकरी म्हणा हवं तर, आणि मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर एक पांढरा पट्टा, जणू रात्रभर बाहेर उभी होती आणि अंगावर पडलेला बर्फ तिनं झटकलाच नाही. पोटही पांढरं. वशिंड नाही, कारण युरोपातल्या गाईंना ते नसतंच, पण हिला शिंगंही नाहीत, जन्मतःच भुंडी. अंगानं लहान, पाय काटक, आणि बघण्यात एक सावधपणा. फिनलंडमध्ये हिला क्यूत्तो म्हणतात, पूर्व फिनलंडची देशी गाय. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात अशा गाई सगळ्या देशात मिळून पन्नासच्या आसपास उरल्या होत्या आणि वळू तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच.

आणि ही गोष्ट जिची आहे ती ना सरकारी अधिकारी, ना शास्त्रज्ञ. ती शिल्पकार आहे.

(दृश्य: स्क्रॅप यार्ड. एकावर एक रचलेल्या चेपलेल्या गाड्या. वेल्डिंगच्या ठिणग्या.)

तिचं नाव मीना. हो, आपल्यासारखंच मीना, उच्चारही तोच. मीना अ‍ॅक्कियुर्क्का. जन्म 1949 चा, ईसाल्मी गावचा, म्हणजे फिनलंडच्या पूर्वेकडचा सावो भाग, तळ्यांचा आणि जंगलांचा, अगदी क्यूत्तोच्या माहेरचाच. जन्माच्या वेळचं नाव वेगळं होतं, रीता लोइवा, आणि हे अ‍ॅक्कियुर्क्का तिनं स्वतः घेतलेलं. फिनिश भाषेत या शब्दाचा अर्थ उभा कडा, एकदम तुटलेला, ताशीव. माणसं आडनाव घेताना गोड काहीतरी निवडतात, हिनं कडा निवडला, आणि पुढचं सगळं आयुष्य बघितलं की वाटतं नाव अगदी विचार करूनच घेतलंय.

ती भंगारातल्या मोटारगाड्या घेते. बॉनेट, दरवाजे, टप, गंजलेले पत्रे, कुठे लाल रंग उरलाय कुठे निळा, आणि ते कापून, वाकवून, वेल्ड करून गाई बनवते. छोट्या नाही, खऱ्या गाईपेक्षा कितीतरी मोठ्या, माणूस पोटाखालून चालत जाईल अशा. आणि गंमत म्हणजे त्या पत्र्याच्या असूनही जड दिसत नाहीत, कुणी मान वळवून बघतेय, कुणी पाय झाडतेय, कुणाच्या अंगात वारं शिरलंय. ज्यानं आयुष्यात कधी दावणीजवळ उभं राहून गाय बघितली नसेल त्याला हे जमणार नाही. गाय वळताना आधी खांदा वळतो की मान, पाय उचलताना वजन कुठल्या बाजूला जातं, कास भरलेली असली की मागचे पाय कसे पडतात, हे फोटो बघून कळत नाही. त्यासाठी शेण काढावं लागतं, धार काढावी लागते, आणि मीनानं ते वर्षानुवर्षं केलंय. तिची चित्रं असोत किंवा शिल्पं, विषय फिरून फिरून गायच.

पण आधी एक समजून घेऊ, की या गाई संपायला का आल्या. कारण कुणी त्यांना मारायला निघालं नव्हतं. उलट प्रत्येकाला वाटत होतं आपण शहाणपणाचंच करतोय.

(दृश्य: जुने कृष्णधवल फोटो. लाकडी गोठा, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया, हातात बादल्या.)

फिनलंडमध्ये 1866 ते 1868 या वर्षांत भयानक दुष्काळ पडला, लोकांनी झाडाची साल दळून पिठात घालून भाकरी खाल्ली. त्यानंतर तिथला शेतकरी हळूहळू धान्याकडून दुधाकडे वळला, लोणी रशियाला जायचं, पुढे ब्रिटनला. आणि हे लोणी कुणी दिलं, तर याच लहानखुऱ्या गाईंनी. हिवाळ्यात सहा-सात महिने अंधाऱ्या गोठ्यात उभ्या, वैरण म्हणजे दलदलीतलं गवत, वाळवलेली पानं, पेंढा, आणि उन्हाळा आला की सरळ जंगलात सोडायच्या. पूर्वेकडे लोक जंगलाचा तुकडा जाळून शेती करायचे, दोन-चार पिकं घेऊन सोडून द्यायचे, मग तिथे कोवळी बर्च झाडं आणि गवत यायचं आणि तेच गाईंचं कुरण. म्हणजे ही गाय म्हशीसारखी दारात बांधून खाऊ घालायची गाय नव्हे, ही स्वतः हिंडून पोट भरणारी आणि संध्याकाळी स्वतःच घरी येणारी.

देशात तीन तऱ्हेच्या देशी गाई होत्या आणि अजून आहेत. पश्चिमेची एकरंगी तांबडी. उत्तरेची, लॅपलंडकडची, पांढरी, कानाच्या आणि नाकपुड्यांच्या कडा तेवढ्या गडद. आणि पूर्वेची आपली क्यूत्तो. पूर्वेच्या गाईंसाठी पैदासकारांची संघटना 1898 मध्येच झाली, बाकी दोघींच्या त्यानंतर काही वर्षांत, कारण स्कॉटलंडहून आलेल्या आयरशायर गाईंची चढाओढ तेव्हाच सुरू झाली होती.

मग आली युद्धं. 1939 ते 1944 च्या दरम्यान करेलियाचा, म्हणजे फिनलंडच्या पूर्व सीमेवरच्या मुलखाचा, मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला, चार लाखांवर माणसं घरदार सोडून पश्चिमेकडे निघाली आणि त्यांच्याबरोबर गाई, बर्फातून पायी. क्यूत्तोच्या मुलखाचा एक लचकाच तुटला. उत्तरेत 1944 च्या शरद ऋतूत जर्मन फौजांशी लढाई पेटली तेव्हा लॅपलंडची माणसं आपली गुरं हाकत स्वीडनमध्ये गेली, त्यातली कित्येक गुरं परत आलीच नाहीत. हे ऐकताना माझ्या डोळ्यासमोर सारखी एकच बाई येते, एका हाताला लेकरू, दुसऱ्या हातात दावं. तिचं नाव मला माहीत नाही, पण अशा हजारो असणार.

युद्धानंतर तिन्ही देशी जातींचा कारभार एकत्र केला, आणि तिथे क्यूत्तोचं वेगळेपण कागदावरूनच पुसट व्हायला लागलं. त्यात कृत्रिम रेतन आलं. एका निवडक वळूचं वीर्य शेकडो गोठ्यांत जायला लागलं, आणि निवडक म्हणजे कोण तर जास्त दुधाच्या जातीचा. साठच्या दशकापर्यंत आयरशायर पुढे निघून गेली, मग होल्स्टीन आली. हिशोब सरळ होता, क्यूत्तो आजच्या होल्स्टीनच्या निम्मंही दूध देत नाही. शेतकऱ्याला दोष कसा देणार, डेअरीचं बिल लिटरवर निघतं, पाठीवरच्या पांढऱ्या पट्ट्यावर नाही. पण बिलात एक गोष्ट येत नव्हती, की ही गाय खाते किती कमी, सोसते किती, म्हातारपणापर्यंत वासरं देते, आणि तिच्या रक्तात जे आहे ते एकदा गेलं की कुठल्याही पैशानं परत आणता येत नाही.

(दृश्य: रिकामा जुना गोठा. भिंतीवर खडूनं लिहिलेली गाईंची नावं.)

नावांचं सांगायचं राहिलं. फिनलंडमधल्या गाईंची जुनी लाडकी नावं म्हणजे मान्सिक्की आणि मुस्तिक्की. मान्सिक्का म्हणजे जंगली स्ट्रॉबेरी, मुस्तिक्का म्हणजे ब्लूबेरी. आपण जसं तांबू, कपिला, चांदी म्हणतो अगदी तसं, रंगावरून आणि मायेवरून. आणि दुसरी गोष्ट ऐकून तर मी थबकलोच, गाय व्यायली की पहिल्या चिकाचा तिथे भट्टीत भाजून एक पदार्थ करतात, ऊनीयूस्तो, वरून खरपूस, आतून थरथरणारा. म्हणजे खरवस! साखर-वेलची नाही, वाफेवर नाही, पण खरवसच. जवळजवळ सहा हजार किलोमीटरवर, बर्फात, कुणीतरी व्यायलेल्या गाईच्या दुधाचं तेच केलंय जे आपल्या आजीनं केलं.

आता परत मीनाकडे. सत्तर-ऐंशीच्या दशकात जेव्हा या गाई कुठल्यातरी आडबाजूच्या शेतात, कुणा म्हाताऱ्या जोडप्याच्या गोठ्यात एक-एक दोन-दोन करून उरल्या होत्या, तेव्हा त्या जपायला पाहिजेत असं म्हणणारी माणसं फार थोडी होती. त्यात काही शास्त्रज्ञ होते, काही हट्टी शेतकरी होते, आणि एक ही शिल्पकार बाई होती. फरक इतकाच की बाकीचे रिपोर्ट लिहीत होते आणि ही वर्तमानपत्रात झळकत होती. तिनं नुसतं गाईंचं चित्र काढून गॅलरीत टांगलं असतं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तिनं गाई पाळल्या, तेही हेलसिंकीच्या हद्दीत, शहराच्या पूर्वेला वुओसारीमध्ये समुद्राकाठी स्काता नावाचं जुनं शेत आहे तिथे. एका बाजूला राजधानी वाढतेय, नव्या बिल्डिंगा उभ्या राहतायत, आणि दुसऱ्या बाजूला हिच्या क्यूत्तो चरतायत आणि अंगणात पत्र्याच्या प्रचंड गाई उभ्या.

हे सोपं नव्हतं आणि गोडही नव्हतं. जागा महापालिकेची होती, वाद झाले, वर्षानुवर्षं चालले, गाईंच्या देखभालीवरून अधिकाऱ्यांशीही खटके उडाले, आणि शेवटी तिला स्काता सोडावं लागलं. तिची बाजू घेणारे होते आणि तिच्यावर चिडलेलेही होते. कोण किती बरोबर हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. मला इतकंच दिसतं की जनावर पाळणं हे रोजचं काम आहे, त्याला सुट्टी नाही, आणि पहाटे पाच वाजता गोठ्यात जाणारी बाई दुपारी वेल्डिंगचा चष्मा लावून उभी राहते तेव्हा तिच्याकडे लोकांशी जुळवून घ्यायला फारसा जीव उरत नसावा.

पण त्या भांडणांमुळे क्यूत्तो हा शब्द फिनलंडच्या घराघरात पोचला. ज्यांनी कधी गोठा बघितला नाही त्यांनाही कळलं की आपली एक पांढऱ्या पाठीची गाय आहे आणि ती संपत चाललीय. हे काम रिपोर्टनं झालं नसतं.

(दृश्य: तुरुंगाची उंच भिंत, बाहेर कुरण, चरणाऱ्या गाई.)

आणि एक जागा आहे जिथे या गाई वाचल्या, ती ऐकून मी दोनदा खात्री करून घेतली. तुरुंग. सुकेवा आणि पेल्सो इथल्या तुरुंगांची स्वतःची शेती होती, आणि सरकारनं देशी गाईंचे कळप तिथे ठेवले. सुकेवा तर ईसाल्मीपासून जवळच, मीनाच्या जन्मगावच्या शेजारचं. शिक्षा भोगणारी माणसं सकाळी उठून धारा काढत होती, वासरांना बाटलीनं दूध पाजत होती. एका देशाचा ठेवा कैद्यांच्या हातात दिला होता, आणि त्यांनी तो सांभाळला. पुढे तुरुंगांची शेती बंद झाली आणि देशी गाईंचे कळप शेतीशाळांकडे सोपवले गेले, तिथे आता पोरं-पोरी त्यांच्यावर काम शिकतात.

शास्त्रज्ञांनी त्यांचं काम केलंच. वीर्य आणि भ्रूण गोठवून ठेवलेत, कुठल्या वळूचं कुठल्या गाईशी जुळवायचं याचा हिशोब ठेवला जातो म्हणजे एकाच रक्तात फार फिरायला नको. 1995 मध्ये फिनलंड युरोपियन युनियनमध्ये गेला आणि देशी जनावर पाळणाऱ्याला अनुदान मिळायला लागलं. पन्नासवरून क्यूत्तोची संख्या पुन्हा चढली, तरी तिन्ही देशी जाती मिळून आजही काही हजारच आहेत. जुनी कुरणं झाडोऱ्यानं भरून जाऊ नयेत म्हणून या गाई तिथे चरायला सोडतात, त्यांच्या चरण्यानं रानफुलं टिकतात.

पण एक गोष्ट मला खुपते. आता बऱ्याच क्यूत्तोंची धारच काढली जात नाही. वासरं पितात, गाय चरते, मांस विकलं जातं, अनुदान मिळतं. जात टिकली, कबूल. पण शेकडो वर्षं जी दुभती गाय होती, जिच्या लोण्यावर घरं चालली, तिच्या दुधाकडे कुणी बघेनासं झालं तर दुभतेपणा हळूहळू पैदाशीतून निसटणार. गाय फ्रीझरमध्ये ठेवता येते, पण दूध काढणारा हात नाही ठेवता येत. तो हात गोठ्यातच लागतो, रोज, थंडीत, आणि मीनाची इतक्या वर्षांची धडपड मला यासाठीच मोठी वाटते, की तिनं गाय कधीच नमुना म्हणून पाळली नाही. नाव घेऊन पाळली.

(दृश्य: मे महिना. बर्फ वितळलेला, गवताला पहिली हिरवी धार. गोठ्याचं लाकडी दार.)

हिवाळा संपला की फिनलंडमध्ये एक दिवस असा येतो की गोठ्याची दारं उघडतात. गावोगाव लोक बघायला जमतात, पोरांना खांद्यावर घेऊन. सहा-सात महिने आत उभ्या असलेल्या गाई. पहिली दारात येते आणि थांबते. उजेड डोळ्यांत जातो. नाक वर करून वास घेते, एक पाय बाहेर ठेवते, माती मऊ लागते, आणि मग ती म्हातारी, गंभीर, चार-पाच वेतं झालेली गाय चक्क उडी मारते. मागचे दोन्ही पाय हवेत, शेपटी ताठ, आणि तिच्यामागे दुसरी, तिसरी, सगळा कळप उड्या मारत कुरणात.

मीनाच्या पत्र्याच्या गाई अशाच आहेत. पाय झाडणाऱ्या, मान फेकणाऱ्या, दार नुकतंच उघडल्यासारख्या.

(दृश्य: कुरणात पळणाऱ्या क्यूत्तो, पांढऱ्या पाठी. घंटांचा आवाज, आणि लांबून कुणीतरी हाक मारतंय: मान्सिक्की... मान्सिक्की...)