दिएगो फोर्लान: माँटेव्हिडिओ ते अंधेरी, व्हाया अर्धं जग

हे अ‍ॅनफिल्ड, लिव्हरपूलचं घर, डिसेंबर 2002. लिव्हरपूलचा डिफेंडर कॅरेघर, त्याने डोक्याने बॉल मागे गोलकीपरकडे दिलाय, एकदम साधा बॉल, शाळेतल्या पोरानेही पकडला असता असा, पण दुदेकच्या हातातून सुटून तो पायांमधून मागे गेला आणि मागून धावत आलेल्या सोनेरी केसांच्या पोराने रिकाम्या जाळीत ढकलला. थोड्याच वेळात त्यानेच दुसरा मारला. मँचेस्टर युनायटेड 2-1 ने जिंकलं, आणि या दोन गोलांवरचं गाणं युनायटेडचे फॅन्स अजून म्हणतात.

हा दिएगो फोर्लान. आणि गंमत बघा, ज्या क्लबात त्याच्यावर गाणी रचली गेली त्याच क्लबाच्या खात्यात तो 'फ्लॉप' म्हणून जमा आहे. आपल्याकडेही कितीतरी लोक अजून असंच म्हणतात. मला हे पटत नाही, का ते सांगतो, पण आधी थोडं मागे जाऊ.

जन्म 1979, माँटेव्हिडिओ, उरुग्वे. घरात फुटबॉल म्हणजे काय विचारू नका. वडील पाब्लो फोर्लान 1966 आणि 1974 चे दोन वर्ल्डकप खेळलेले डिफेंडर, आईचे वडील हुआन कार्लोस कोरात्सो नॅशनल टीमचे कोच. 1967 ला उरुग्वेने कोपा अमेरिका जिंकली तेव्हा आजोबा कोच आणि बाप टीममध्ये! एवढं सगळं असून दिएगो लहानपणी टेनिसमध्येही जबरदस्त होता, कुठल्या बाजूला जायचं हे ठरलेलं नव्हतं. मग 1991 साली मोठ्या बहिणीचा कार अ‍ॅक्सिडेंट झाला, ती कायमची व्हीलचेअरवर आली, उपचारांचा खर्च प्रचंड, आणि बारा वर्षांच्या पोराने ठरवलं की फुटबॉलर व्हायचं आणि तिच्यासाठी पैसे कमवायचे. हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. टेनिस मात्र सुटलं नाही हां, 2024 मध्ये पंचेचाळिशीत हा माणूस माँटेव्हिडिओच्या चॅलेंजर टूर्नामेंटमध्ये प्रोफेशनल डबल्स खेळला. हरला, 6-1, 6-2. पण खेळला.

क्लब फुटबॉल सुरू झालं ते आपल्या देशात नाही, नदीपलीकडे अर्जेंटिनात, इंदिपेंदिएन्तेकडून. तिथे गोल पडायला लागले तसे युरोपवाले बघायला आले. जानेवारी 2002 मध्ये इंग्लंडच्या मिडल्सब्रोशी बोलणी जवळपास पक्की, गडी इंग्लंडला निघाला, आणि शेवटच्या क्षणी युनायटेड मधे पडलं. सुमारे 70 लाख पाउंड. मिडल्सब्रो बसलं हात चोळत.

आणि मग सुरू झाली ती फेमस गोष्ट. जवळजवळ 8 महिने गोलच नाही. सब म्हणजे बदली खेळाडू म्हणून यायचं, दहा-पंधरा मिनिटं पळायचं, पोस्टला मारायचं, बाहेर मारायचं, पेपरवाले टिंगल करायला तयारच. शेवटी सप्टेंबरमध्ये मकाबी हैफाविरुद्ध पेनल्टी मिळाली तेव्हा बेकहॅमने बॉल याच्या हातात दिला आणि पहिला गोल झाला. मग साउदॅम्प्टनविरुद्ध विनर मारून शर्ट काढला आणि तो परत अंगात जाईचना, खेळ सुरू झाला तरी साहेब उघडेच, हातात शर्ट धरून पळतायत! तो क्लिप शोधून बघा एकदा.

आता माझं म्हणणं. त्या टीममध्ये पुढे एकच स्ट्रायकर खेळायचा आणि तो होता व्हॅन निस्टेलरॉय, वर्षाला चाळीसेक गोल मारणारा माणूस. फोर्लानला मिळाल्या उरलेल्या मिनिटांच्या पुड्या. 98 मॅचमध्ये 17 गोल हा आकडा वाचायला वाईट दिसतो, पण त्यातल्या किती मॅच तो बेंचवरून आला हे कोणी मोजत नाही. शेवट पण कसा झाला बघा. युनायटेडचे कोच फर्ग्युसन सर, त्यांना वाटायचं ओल्या ग्राउंडवर लांब स्टड्सचे (तळाला खिळ्यांसारखे उंचवटे असतात ते) बूट घालावेत, याला आवडायचे छोटे स्टड्स. सरांना हो म्हणाला आणि घातले आपलेच, चेल्सीविरुद्ध गोलसमोर घसरला, ड्रेसिंग रूममध्ये सरांनी बूट उचलून भिरकावले, आणि पुन्हा तो युनायटेडसाठी खेळला नाही. हाही किस्सा त्याच्याच तोंडचा.

2004 ला गेला स्पेनमध्ये व्हिलारेयालला. पन्नासेक हजार वस्तीचं गाव, टाइल्सच्या कारखान्यांचा पट्टा, कोच पेलेग्रिनी, मागून बॉल देणारा रिकेल्मे. आणि इथे काय झालं? पहिल्याच सीझनला 25 लीग गोल, स्पेनचा टॉप स्कोरर म्हणजे पिचिची, आणि युरोपातल्या लीगमधल्या टॉप स्कोररला मिळणारा गोल्डन शू आर्सेनलच्या थिएरी ऑन्रीबरोबर शेअर. सीझनच्या शेवटाला कॅम्प नूवर बार्सिलोनाला हॅटट्रिक मारली, मॅच 3-3. टीम तिसरी आली, युरोपातल्या क्लब्जच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेला, चॅम्पियन्स लीगला पोचली, तिथे ग्रुपमध्ये कोण भेटलं तर मँचेस्टर युनायटेड. दोन्ही मॅच 0-0. व्हिलारेयाल ग्रुपमध्ये पहिलं, युनायटेड तळाला, बाहेर. पुढे इटलीच्या इंटर मिलानला हरवून सेमी फायनल, तिथे आर्सेनलविरुद्ध शेवटच्या मिनिटांत रिकेल्मेची पेनल्टी त्यांचा गोलकीपर लेमन याने अडवली नसती तर... जाऊ दे.

माणूस तोच, पाय तेच. आणि पाय म्हणाल तर दोन्ही सारखे, उजवा कुठला आणि डावा कुठला हे डिफेंडरला कळायचंच नाही, वर शॉट मारताना पाय फार मागे नेत नव्हता, त्यामुळे गोलकीपरला अंदाज यायच्या आत बॉल निघालेला असायचा. फक्त आता टीम त्याच्यासाठी खेळत होती.

2007 ला अ‍ॅटलेटिको माद्रिदने घेतला, तो पण कोणाच्या जागी? फर्नांडो टोरेसच्या. गावाचा लाडका पोरगा लिव्हरपूलला गेलाय आणि त्याची जागा भरायची, सोपं काम नाही. जोडीला पोरसवदा आग्वेरो. 2008-09 मध्ये फोर्लानने लीगमध्ये 32 गोल मारले, दुसरी पिचिची, दुसरा गोल्डन शू. ज्या वर्षी बार्सिलोनाने सगळं जिंकलं त्याच वर्षी त्यांचा स्ट्रायकर एटो याला मागे टाकून हं. त्यानंतर सहा सीझन पिचिची मेस्सी आणि रोनाल्डोच्या घरातून बाहेर पडली नाही, आणि 2016 ला बाहेर काढली ती पण एका उरुग्वेवाल्यानेच, सुआरेझने.

पण अ‍ॅटलेटिकोचे लोक त्याला लक्षात ठेवतात ते 2010 साठी. तो सीझन तसा भंगार होता, लीगमध्ये नववे, चॅम्पियन्स लीग ग्रुपमध्ये एकही मॅच न जिंकता युरोपा लीगमध्ये, म्हणजे दुसऱ्या नंबरच्या स्पर्धेत ढकलले गेले, आणि तिथे अवे गोलच्या (दोन मॅचची बेरीज सारखी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल मारणारा पुढे, असा तेव्हाचा नियम) काठीवर चालत चालत सेमीपर्यंत आले. समोर लिव्हरपूल. घरच्या मॅचमध्ये फोर्लानचा गोल, 1-0. मग परत अ‍ॅनफिल्ड, एक्स्ट्रा टाइम, 2-0 ने मागे, आणि परत हाच! 2-1 हरून अवे गोलवर फायनलमध्ये. हॅम्बुर्गला फुलहॅमविरुद्ध फायनल, पहिला गोल फोर्लान, दुसरा 116 व्या मिनिटाला आग्वेरोच्या क्रॉसवर परत फोर्लान. 1962 नंतर अ‍ॅटलेटिकोची पहिली युरोपियन ट्रॉफी. त्यानंतर महिनाभरात साउथ आफ्रिकेत वर्ल्डकप, 5 गोल, गोल्डन बॉल म्हणजे स्पर्धेतला बेस्ट प्लेयर. पुढच्या वर्षी कोपा अमेरिका, फायनलमध्ये 2 गोल, घराण्याची तिसरी पिढी ट्रॉफीसकट.

आणि मग उतार. कोचशी बिनसलं, 2011 ला इंटर मिलानने घेतला आणि घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हा त्याच सीझनला अ‍ॅटलेटिकोसाठी युरोपा लीगची क्वालिफायर खेळलाय, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये खेळवता येणार नाही! एवढ्या मोठ्या क्लबचं ऑफिस काय करत होतं देव जाणे. तिथे लीगमध्ये 2 गोल. मग ब्राझीलचं इंतरनासिओनाल, मग जपानचं सेरेझो ओसाका, टीम खालच्या डिव्हिजनला घसरली तरी गडी तिथे खेळत राहिला. मग 2015 ला पेन्यारोल, वडिलांचा क्लब, तिथे लीग जिंकली आणि क्लबच्या नव्या कोऱ्या स्टेडियममधला पहिला गोल पण त्याच्याच नावावर.

आणि त्या लीग टायटलनंतर कुठे आला? अंधेरीत. 2016, आपल्या आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटी एफसीचा मार्की (टीमचा सगळ्यात मोठ्या नावाचा) प्लेयर, वय 37. वयाच्या या टप्प्यावर असे नावाजलेले लोक आयएसएलला यायचे ते बहुतेक हात हलवायला, पण याने कॉर्नर घेतले, फ्री किक घेतल्या, पोरांवर ओरडला. केरला ब्लास्टर्सविरुद्ध पहिल्या 15 मिनिटांतच दोन, नंतर तिसरा, मॅच 5-0. आधीच्या दोन सीझनला सेमी न बघितलेली मुंबई त्या वर्षी टेबलात पहिली आली. सेमीत मात्र कोलकात्यात 3-2 ने मागे असताना दुसरं यलो कार्ड खाऊन साहेब बाहेर गेले, घरच्या दुसऱ्या लेगला ग्राउंडवर नाहीत, ती मॅच 0-0, मुंबई खलास आणि कप शेवटी कोलकात्याला. माझ्या मते त्या रात्री अंधेरीत दोन गोल मारू शकेल असा माणूस एकच होता आणि तो सस्पेंड होता.

2018 ला हाँगकाँगच्या किचीकडून काही महिने, तिथेही लीग जिंकली. 2019 ला निवृत्ती. 2020 च्या सीझनसाठी पेन्यारोलने कोच केलं आणि वर्ष संपायच्या आत काढूनही टाकलं.